आकाशात रॉकेल संपले तर?



माझ्या लहानपणी आमच्या वर्ध्याच्या घरी पितळी पंपाचा स्टोव्ह होता. आई काकडा पेटवून बर्नर तापवी, पंप मारी आणि मग निळी ज्योत फरफर आवाज करीत जळू लागे. एकदा भर पावसाळ्यात रेशनच्या रॉकेलात पाणी आले. स्टोव्ह भकभक करू लागला, ज्योत पिवळी झाली आणि विझली. पिन घालून झाली, पुन्हा पंप मारून झाला, पण उपयोग शून्य. शेवटी वडिलांनी स्टोव्हची टाकी एका काचेच्या बाटलीत रिकामी केली. बाटलीत वर रॉकेल आणि खाली बोटभर पाणी, असे दोन थर स्वच्छ दिसले. त्या दिवशी चहाला एक तास उशीर झाला, एवढेच.

आता असे समजा की हाच स्टोव्ह जमिनीपासून दहा किलोमीटर उंचीवर जळत आहे आणि त्याच्या ज्योतीवर दीडशे माणसांचे प्राण अवलंबून आहेत. ही निव्वळ कल्पना नव्हे. तुमच्या गच्चीवरून रात्री लुकलुकत जाणारे जे विमान दिसते, त्याच्या इंजिनात जळते ते एक प्रकारचे रॉकेलच असते. आपल्याकडे काही जण ज्याला घासलेट किंवा मातीचे तेल म्हणतात, त्याचेच हे अधिक शुद्ध भावंड. मोटार बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते, पण आकाशाला कडा नसते. म्हणून विमानाचे इंधन कोणते, ते कोठे साठवायचे, कसे मोजायचे आणि कसे स्वच्छ ठेवायचे, यामागे एक मोठे शास्त्र उभे राहिले आहे. मौज अशी की त्या शास्त्रातील बहुतेक तत्त्वे तुमच्या शाळेच्या पुस्तकातलीच आहेत.

पेट्रोल आणि रॉकेल

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाचे छोटे 'पस मॉथ' विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आणले. अहमदाबादला त्यांच्या विमानात भरायचे पेट्रोल डब्यांतून, चक्क बैलगाडीवरून आले होते. पुढे ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री आपल्या शेजारच्या नागपूरला येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परत फिरत. या सेवेतली डकोटा विमानेही पेट्रोलवरच चालत.

पस मॉथ काय किंवा डकोटा काय, या विमानांची इंजिने मोटारीसारखी दट्ट्याची होती. दट्ट्याच्या इंजिनात पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि मग ठिणगीने पेटवले जाते. दाब जितका अधिक, तितकी शक्ती अधिक. पण दाबल्याने मिश्रण तापते आणि पेट्रोल हलके असेल तर त्याचा काही भाग ज्योत पोहोचण्यापूर्वी आपोआप पेट घेतो. मग इंजिनात ठक्-ठक् असा आवाज होतो आणि दट्ट्यांना इजा पोहोचते. हे टाळण्याची पेट्रोलची क्षमता ऑक्टेन अंकाने सांगतात. विमानाच्या पेट्रोलचा हा अंक १०० च्या घरात असतो. आजही शिकाऊ वैमानिकांच्या बऱ्याच छोट्या विमानांत '१०० एलएल' नावाचे पेट्रोल वापरतात. ओळखू यावे म्हणून त्याला निळा रंग दिलेला असतो. त्यात अजूनही शिशाचे संयुग मिसळतात. भारतात मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे २००० सालीच हद्दपार झाले. हे विमानाचे पेट्रोल आपल्याकडे बाहेरून येत असे. २०२२ पासून ते वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यातही तयार होते.

जेट इंजिनाची तऱ्हा निराळी. त्यात दट्टे नसतात. हवा आत येते, दाबली जाते, तिच्यात इंधनाचा बारीक फवारा सतत जळत राहतो आणि तप्त वायू वेगाने मागे बाहेर पडतात. म्हणजे तो आमचा स्टोव्हच, फक्त हजारोपट मोठा! येथे ऑक्टेन अंकाची भानगडच नाही. म्हणून रॉकेल चालते. शिवाय ते पेट्रोलइतके झटकन पेट घेत नाही आणि एका लिटरमध्ये त्याची ऊर्जाही जास्त मिळते. १९५७ साली इंडियन एअरलाइन्सकडे 'व्हायकाउंट' आणि १९६० साली एअर इंडियाकडे 'बोइंग ७०७' ही विमाने आली, आणि भारताच्या आकाशात रॉकेलचे युग सुरू झाले.

या विमानी रॉकेलचे नाव 'जेट ए-१'. ते बिनरंगी किंवा किंचित पिवळसर असते. त्याला दोन कडक अटी असतात. पहिली अट, ते उणे ४७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठता कामा नये. प्रमाण वातावरणात ३५ हजार फुटांवर तापमान सुमारे उणे ५४ अंश असते हे ध्यानात घ्या. विमानाच्या वेगामुळे हवा दाबली जाऊन पंखाचा पृष्ठभाग थोडा उबदार राहतो, त्यामुळे टाकीतले इंधन सहसा इतके थंड होत नाही. दुसरी अट, त्याचा प्रज्वलनबिंदू ३८ अंशांहून कमी नसावा. द्रवावर जमलेली वाफ ज्या किमान तापमानाला ठिणगीने क्षणभर पेट घेते, ते तापमान म्हणजे प्रज्वलनबिंदू.

दट्ट्याच्या इंजिनाच्या विमानात चुकून जेट इंधन भरले तर? नळीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू होते, विमान उडतेही आणि नेमके वर गेल्यावर इंजिन ठोकू लागते. म्हणून जेट इंधनाच्या नळीचे तोंड मुद्दाम रुंद करतात, म्हणजे ते पेट्रोलच्या टाकीच्या भोकात शिरतच नाही. माणूस चुकणारच हे गृहीत धरून केलेली ही युक्ती आहे.

टाकी पंखात का?

पुष्कळांना वाटते की इंधन विमानाच्या पोटात असते. पण मोठ्या विमानांत ते मुख्यतः पंखांत असते. एअरबस ए-३२० या मध्यम विमानात सुमारे २४ हजार लिटर इंधन मावते. पंख आतून पोकळ असतात आणि त्यांचे सांधे नीट बंद केले की पंखच टाकी बनतो.

यामागे जागेची काटकसर आहेच, पण आणखी एक कारण आहे. दोन विटांवर एक लांब फळी ठेवा आणि मध्यभागी उभे राहा. फळी वाकेल. आता दोघे मित्र विटांच्या जवळ उभे राहा. वजन वाढले, तरी फळी कमी वाकेल. उडत्या विमानाला हवेचा आधार पंखांवर मिळतो आणि वजन मध्ये, धडाशी असते, म्हणून पंख वरच्या बाजूला वाकू पाहतात. पंखातील इंधनाचे वजन त्यांना खाली दाबून धरते. यासाठी मधली टाकी असेल तर ती आधी वापरतात आणि पंखांतले इंधन शेवटी.

पिंप भरून बैलगाडी निघाली की पाणी कसे हिंदकळते ते तुम्ही पाहिले असेल. टाकीत तसे होऊ नये म्हणून आडवे पडदे असतात. त्यांना एकाच बाजूने उघडणाऱ्या झडपा बसवतात. त्यामुळे इंधन पंपाकडे येते, पण उलट पळत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे टाकीला श्वास लागतो. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके खात येते, दुसरे पाडले की धार लागते. इंधन संपत जाते तशी त्याची जागा घ्यायला हवा आत आली पाहिजे. त्यासाठीचे छिद्र बंद झाले तर आत निर्वात होऊन इंधनाचा प्रवाह अडतो. लहान विमानांच्या अशा नळ्यांत कुंभारीण माशी मातीचे घर करते! म्हणून उड्डाणापूर्वी ती नळी डोळ्यांनी पाहावी लागते.

टाकीच्या तळाचे पंप इंधन पुढे ढकलतात. वाटेत बंद करण्याची झडप असते. इंजिनाला आग लागली तर वैमानिक तिनेच इंधन तोडतो. एका बाजूच्या टाकीतून दुसऱ्या बाजूच्या इंजिनाला इंधन देणारी जोडझडपही असते. पुढे उष्णता-विनिमयक नावाचे यंत्र येते. तापलेले भांडे थंड पाण्यात ठेवले की भांडे निवते आणि पाणी कोमट होते, तसेच येथे घडते. इंजिनाचे तापलेले वंगणतेल निवते आणि गार इंधन ऊबदार होते. मग गाळणी, जास्त दाबाचा पंप, मोजून इंधन सोडणारे यंत्र आणि सरतेशेवटी फवारा.

छुपा शत्रू: पाणी

आता आमच्या स्टोव्हकडे परत येऊ. पाण्याची घनता १ आणि रॉकेलची सुमारे ०.८, म्हणून पाणी तळाशी जाते. स्टोव्हची नळी तळातूनच तेल ओढते, म्हणून पाणी आधी तिच्यात शिरले. विमानाचे पंपही टाकीच्या तळाशीच असतात!

टाकीत पाणी येते कोठून? काही वेळा इंधनाबरोबरच येते. काही वेळा टाकी श्वास घेते तेव्हा दमट हवा आत शिरते आणि रात्री गारव्याने तिच्यातील बाष्पाचे थेंब होतात. शिवाय इंधनात थोडे पाणी विरघळलेलेही असते. इंधन थंड झाले की तेही थेंबांच्या रूपाने वेगळे होते. पाणी आणि रॉकेल यांच्या सीमेवर एक प्रकारची बुरशीही वाढते. ती रॉकेल खाते आणि गाळण्या तुंबवते.

म्हणून टाकीच्या सर्वांत खालच्या जागी एक छोटी झडप असते. तिच्यातून यंत्रतज्ज्ञ पारदर्शक भांड्यात थोडे इंधन काढून उजेडात धरून पाहतात. पण यातही एक फसगत आहे. भांड्यात दोन थर दिसले तर पाणी आहे हे कळते. पण भांडे सगळेच पाण्याने भरले असेल तर? तेव्हा एकच स्वच्छ, बिनरंगी द्रव दिसतो आणि माणूस म्हणतो, 'छान आहे!' म्हणून वास घ्यावा, किंवा पाण्याने रंग बदलणारे रसायन वापरून खात्री करावी.

पाण्याने काय होते याचे उदाहरण १७ जानेवारी २००८ रोजी घडले. ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७७७ बीजिंगहून लंडनला येत होते. थंड प्रदेशावरून तासन्‌तास उडताना त्याचे इंधन उणे ३४ अंशांपर्यंत गार झाले. इंधन गोठले नव्हते, पण त्यातील किंचितशा पाण्याचे बर्फ होऊन ते नळ्यांच्या आतून साचले. उतरताना अधिक शक्तीसाठी इंधनाचा प्रवाह वाढला, तेव्हा हे बर्फ सुटून उष्णता-विनिमयकाच्या तोंडाशी जाऊन अडकले. दोन्ही इंजिनांची शक्ती घटली. विमान धावपट्टीच्या अलीकडे गवतात आदळले. आतील १५२ जणांपैकी कोणीही दगावले नाही. हा दोष शोधून त्या यंत्राच्या तोंडाची रचना पुढे बदलण्यात आली. बर्फ पाण्यावर तरंगते, पण रॉकेलात बुडते, हेही यानिमित्ताने लक्षात ठेवा.

लिटर की किलो?

आपण पेट्रोल लिटरवर घेतो. पण विमानाचा हिशेब किलोग्रॅमचा असतो. इंधनातून मिळणारी ऊर्जा त्याच्या वस्तुमानावर ठरते आणि आकारमान तर तापमानाबरोबर बदलते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. १५ अंशांना १०,००० लिटर जेट इंधनाचे वस्तुमान ८,००० किलो धरले, तर ४५ अंशांना तेवढ्याच लिटरचे सुमारे ७,७९० किलो भरेल. म्हणजे २१० किलोंची तूट. ए-३२० सारखे विमान मिनिटाला साधारण ४० किलो इंधन जाळते. तेव्हा ही तूट पाच मिनिटांच्या उड्डाणाएवढी झाली.

घनतेचा आकडा चुकला तर काय होते हे २३ जुलै १९८३ रोजी जगाला कळले. तेव्हा कॅनडात जुनी मापे जाऊन मेट्रिक मापे येत होती. आपल्याकडे शेर-मण जाऊन किलो आले, तसाच तो काळ. एअर कॅनडाचे नवे बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघणार होते. त्याचे इंधनमापक बिघडले होते. म्हणून मोजपट्टीने मोजले, तर टाक्यांत ७,६८२ लिटर इंधन भरले. प्रवासाला हवे होते २२,३०० किलो.

लिटरचे किलो करायला ०.८०३ ने गुणायला हवे होते. पण कागदावर १.७७ हा आकडा होता. तो एका लिटरचे पौंड सांगणारा आकडा! आता दोन्ही हिशेब पाहा.

बरोबर हिशेब: ७,६८२ × ०.८०३ = ६,१६९ किलो. कमी पडतात १६,१३१ किलो, म्हणजे सुमारे २०,०८८ लिटर भरायला हवे.

चुकीचा हिशेब: ७,६८२ × १.७७ = १३,५९७ 'किलो'. कमी पडतात ८,७०३ 'किलो', म्हणजे ४,९१७ लिटर भरले.

जेवढे हवे त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान निघाले. ४१ हजार फुटांवर असताना इंधन संपत आल्याचे इशारे सुरू झाले. थोड्याच वेळात एक इंजिन बंद पडले, मग दुसरेही. विमानात ६९ माणसे होती. सुदैवाने कॅप्टन रॉबर्ट पिअरसन यांना बिनइंजिनाचे ग्लायडर चालवण्याचा सराव होता. त्यांनी ते अजस्र विमान घारीसारखे तरंगत खाली आणले आणि गिमली गावाच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवले. सर्व जण वाचले. परीक्षेत एकक लिहायला विसरलात म्हणून शिक्षक अर्धा गुण कापतात, तेव्हा रागावू नका. त्या अर्ध्या गुणाची किंमत केवढी असू शकते ते गिमलीने दाखवले आहे.

एक ठिणगी पुरे

प्लॅस्टिकचा कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे ओढतो. तसेच इंधन नळीतून वेगाने वाहताना घर्षणाने विद्युतभार साठतो. इंधन भरण्यापूर्वी विमान आणि इंधनाची गाडी एका तारेने जोडतात. त्यामुळे दोघांचे विभव समान राहते आणि ठिणगी उडत नाही.

आता प्रज्वलनबिंदूची ३८ अंशांची अट आठवा. आमच्या मे महिन्यात सावलीतही पारा त्याच्या वर असतो! म्हणजे 'रॉकेल आहे, सहज पेटत नाही' हा भरवसा विदर्भाच्या उन्हाळ्यात चालत नाही. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कजवळ एका बोइंग ७४७ च्या जवळजवळ रिकाम्या मधल्या टाकीत वाफेचा स्फोट झाला आणि २३० माणसे मृत्युमुखी पडली. टाकीखालच्या वातानुकूलन यंत्रांनी ती वाफ तापली होती. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची, कारण जळायला वाफेबरोबर प्राणवायूही लागतो. म्हणून आता मोठ्या प्रवासी विमानांत हवेतील नायट्रोजन वेगळा करून टाकीत सोडण्याची सोय करतात. प्राणवायू पुरेसा नसला की ठिणगी पडूनही काही होत नाही.

शेतातून आकाशात

खनिज तेल कधीतरी संपणार आणि त्याचा धूर हवामान तापवतो. म्हणून वनस्पतिजन्य इंधनाचे प्रयत्न सुरू आहेत. २७ ऑगस्ट २०१८ रोजी देहरादूनहून दिल्लीला एक विमान मोगली एरंडाच्या तेलापासून बनवलेले इंधन मिसळून आले. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या विमानात पुण्याच्या प्राज कंपनीने देशी कच्च्या मालापासून केलेले इंधन मिसळले होते. या नव्या इंधनालाही गोठण, प्रज्वलन आणि घनता यांच्या त्याच परीक्षा द्याव्या लागतात. तेथे वशिला चालत नाही.

नागपूरला, वर्ध्याहून दीड-दोन तासांच्या अंतरावर, मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचे मोठे केंद्र २०१५ साली सुरू झाले. या क्षेत्रात जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन मान्यताप्राप्त संस्थेत शिक्षण घ्यावे लागते आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना मिळवावा लागतो. परवानाधारक अभियंत्याने कागदावर सही केल्याशिवाय दुरुस्त केलेले विमान उडत नाही. ती सही करण्यापूर्वी तो काय करतो? तळाची झडप उघडून भांडे उजेडात धरतो, एकक तपासतो, छिद्र मोकळे आहे की नाही ते पाहतो. माझ्या वडिलांनी बाटलीत जे पाहिले, तेच तो विमान जमिनीवर असताना पाहतो. कारण वर गेल्यावर पाहून काही उपयोग नसतो.

करून पाहा

एका स्वच्छ बाटलीत गोडेतेल घ्या (रॉकेल किंवा पेट्रोल मुळीच घेऊ नका). त्यात शाई टाकलेले चमचाभर पाणी घाला आणि झाकण लावून जोराने हलवा. थेंब खाली बसायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. टाकीत इंधन भरल्याबरोबर लगेच नमुना न काढता काही वेळ थांबतात, ते का, हे तुम्हाला कळेल.

विचार करा

१. रात्रभर उभ्या राहणाऱ्या छोट्या विमानाची टाकी संध्याकाळीच पूर्ण भरून ठेवतात. असे का?

२. वर दिलेल्या आकड्यांवरून गिमलीच्या विमानात निघताना प्रत्यक्षात किती किलो इंधन होते ते काढा. उत्तरात एकक लिहायला विसरू नका!